पुणे लोकसभेचं लीड राहतं कुठे? एका ‘सेफ’ सीटचा प्रकरण अभ्यास

आधी एक कबुली. मी पुणेकर, पण माझं मत पुण्यात नाही. राहतो धायरीला, प्रॉपर्टी टॅक्स पुणे महापालिकेला भरतो, पाणी आलं नाही की शिव्या पण महापालिकेलाच घालतो, आणि लोकसभेला बटण मात्र दाबतो बारामतीचं. कारण धायरी येते खडकवासला विधानसभेत आणि खडकवासला जोडलंय बारामती लोकसभेला. तिकडे हडपसरवाल्यांची अजून गंमत, ते जातात शिरूरला. २०२४ ला तर आमचं मतदान ७ मे ला उरकलं आणि पुण्याचं झालं १३ मे ला, म्हणजे एकाच शहरात सिंहगड रोडवाल्यांच्या बोटावरची शाई फिकी पडायला लागली तरी पेठेत प्रचाराच्या रिक्षा ओरडत फिरतच होत्या.

हे सांगायचं कारण, ‘पुणे लोकसभा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सगळं पुणे येतं. तसं नाहीये. पुणे लोकसभा म्हणजे सहा विधानसभा: वडगावशेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. बस्स. आणि हे सहाचं गणित पण जुनं नाही, २००८ च्या पुनर्रचनेतलं आहे. त्याआधी बोपोडी आणि भवानी पेठ असे दोन मतदारसंघ होते, ते गेले, आणि कोथरूड, वडगावशेरी हे दोन नवे आले. हे नुसतं वरवर वाचलं तर कागदावरचा बदल वाटतो पण माझ्या मते या सीटचा सगळा स्वभाव इथेच पालटला, त्यावर खाली येतोच.

या लेखाचं निमित्त घरातलं आहे. ४ जून २०२४, निकालाचा दिवस, मी आत्याकडे कोथरूडला बसलेलो. आत्या जन्मली, वाढली, संसार केला सगळा नारायण पेठेत, वाडा पाडून बिल्डिंग झाली तेव्हा मिळालेली जागा विकून डहाणूकर कॉलनीच्या बाजूला फ्लॅट घेतला. टीव्हीवर पुण्याचं लीड कधी वीस हजार, कधी तीस हजार असं चालू, आतेभाऊ म्हणतोय अरे काँग्रेसचा धंगेकर फिरवतो की काय, कसबा मारलं होतं त्याने. आत्या भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “कशाला जीव टांगणीला लावता, कोथरूडची पेटी मोजली की झालं.” पेट्या जाऊन मशीन येऊन कितीतरी वर्षं झाली पण आत्याच्या तोंडी अजून पेटीच आहे. आणि झालं पण तसंच. भाजपचे मुरलीधर मोहोळ निवडून आले १,२३,०३८ मतांनी, त्यातलं साधारण ७४ हजाराचं लीड एकट्या कोथरूडचं.

म्हणजे बघा, सहापैकी एका विधानसभेने साठ टक्के लीड दिलं. पर्वतीचं २९ हजाराच्या आसपास. मग उरतात चार. कसबा आणि वडगावशेरी प्रत्येकी चौदा-पंधरा हजार, शिवाजीनगर जेमतेम तीन-साडेतीन हजार, आणि कॅन्टोन्मेंट तर मायनस, तिथे धंगेकर तेरा-चौदा हजारांनी पुढे. या चार मिळून किती झालं? वीस हजार धरा. अर्ध्या पुण्याहून जास्त भागात, जिथे निम्म्याहून जास्त मतदार आहेत, तिथे सव्वा लाखाच्या लीडमधले फक्त वीस हजार. याला सेफ सीट म्हणतात? मी नाही म्हणत. ही काठावरचीच सीट आहे, एका बाजूला कोथरूडचा मोठा दगड ठेवलाय म्हणून तराजू हलत नाही इतकंच.

आधी इतिहास, थोडक्यात (थोडक्यात होणार नाही)

पुणे भाजपचा बालेकिल्ला, हे वाक्य आजकाल इतक्या सहज टाकतात की जणू शनिवारवाड्यापासूनचा करार आहे. जरा मागे जाऊ.

पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ ला, पुण्यात दोन सीट होत्या. पुणे मध्य मधून काकासाहेब गाडगीळ आणि पुणे दक्षिण मधून इंदिरा मायदेव, दोघं काँग्रेसचे. हो, पहिल्याच लोकसभेत पुण्याने बाई पाठवलेली आणि त्यानंतर आजपर्यंत एकदाही पाठवली नाही, ही आपली प्रगती. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राचं वारं, काकासाहेबांसारखा माणूस पडला आणि प्रजा समाजवादीचे नानासाहेब गोरे आले. १९६२ ला परत काँग्रेस, शंकरराव मोरे. हे मोरे एकेकाळी शेतकरी कामगार पक्ष काढणाऱ्यांपैकी. आणि काँग्रेस परत आली कधी, तर १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून निम्मी नदीकाठची पेठ वाहून गेल्यावर सात महिन्यांत! आजच्या हिशोबाने सरकार पक्षाचं डिपॉझिट जायला हवं होतं, पण पुण्याने काँग्रेसच निवडली. १९६७ ला एस. एम. जोशी, संयुक्त समाजवादी. १९७१ ला इंदिरा लाटेत मोहन धारिया काँग्रेसकडून. १९७७ ला परत मोहन धारियाच, पण आता जनता पक्षाकडून, कारण मधल्या काळात जेपींशी बोला असं म्हटलं म्हणून मंत्रिपद गेलं आणि आणीबाणीत तुरुंगात जाऊन आले.

मोजा आता. ५७, ६२, ६७, ७१, ७७. सलग पाच निवडणुका, प्रत्येक वेळी पक्ष बदलला. माणूस तोच राहिला तिथे पण पक्ष बदलला. एवढी चंचल सीट महाराष्ट्रात शोधून दाखवा.

मग १९८० पासून काँग्रेसचे विठ्ठलराव गाडगीळ, काकासाहेबांचे चिरंजीव, ८०, ८४, ८९ असे सलग तीनदा. तेव्हा लोक म्हणायचे पुणे काँग्रेसचा बालेकिल्ला. (बालेकिल्ला हा शब्द पुण्यात फार स्वस्त आहे, बाजूलाच सिंहगड असल्यामुळे असेल.) १९९१ ला तो बालेकिल्ला अण्णा जोशींनी घेतला, पुण्यातून निवडून आलेला भाजपचा पहिला खासदार. पण टिकला का, नाही. १९९६ ला सुरेश कलमाडी, काँग्रेस.

१९९८ तर कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. कलमाडी काँग्रेस सोडून स्वतंत्र उभे, त्यांना पाठिंबा भाजप-शिवसेनेचा! म्हणजे ज्याला ९६ ला पाडायचं म्हणून जीव तोडून प्रचार केला त्याच्यासाठी दोन वर्षांत त्याच कार्यकर्त्यांनी घरोघर स्लिपा वाटायच्या. पुणेकर मतदाराने काय केलं, काँग्रेसचे विठ्ठल तुपे निवडून दिले. माझ्या वडिलांची थिअरी अशी की त्या वर्षी संघाच्या घरातल्या लोकांना मतदानाच्या दिवशी नेमकं लग्न निघालं. कोणाकडे पुरावा नाही, पण थिअरी छान आहे. १९९९ ला काँग्रेस फुटून राष्ट्रवादी निघाली आणि त्या फुटीत भाजपचे प्रदीप रावत आले. २००४ ला परत कलमाडी, आता परत काँग्रेसचे, सत्तर हजारांहून जास्त फरकाने.

तर १९५२ पासूनचं सगळं गणित एका ओळीत सांगायचं तर असं: या सीटवर कोणत्याही पक्षाने सलग तीनच्या वर निवडणुका कधीच जिंकलेल्या नाहीत. काँग्रेसचे तीन झाले ८९ ला, आणि ९१ ला आपटले. भाजपचे तीन झाले २०२४ ला. पुढचं तुम्ही बघा, मी ज्योतिषी नाही.

२००९, म्हणजे खरं प्रकरण

मला विचाराल तर या सीटचा अभ्यास करायचा तर २०१४ नाही, २००९ उघडून बसा. नव्या रचनेतली पहिली निवडणूक. कलमाडींना मिळाली २,७९,९७३, भाजपच्या अनिल शिरोळेंना २,५४,२७२. फरक २५,७०१. आता खालचे दोन बघा. मनसेचे रणजित शिरोळे ७५,९३०. बसपाकडून बिल्डर डी. एस. कुलकर्णी ६२,९८१. दोघांची बेरीज १ लाख ३८ हजारांच्या वर, म्हणजे फरकाच्या पाचपटीहून जास्त. वर माजी आयुक्त अरुण भाटिया पण रिंगणात. आणि आडनाव बघा, एकाच मशीनवर दोन शिरोळे.

मनसेला गेलेली मतं कुठली, तर पेठा, कोथरूड, शिवाजीनगरमधला मराठी मध्यमवर्ग, तरुण पोरं. मनसे तेव्हा नसती तर ती मतं बहुतेक युतीकडे गेली असती. डीएसकेंची मतं तर अजूनच मजेशीर, हत्तीवर शिक्का मारणारा सदाशिव पेठी माणूस मी त्या वर्षी प्रत्यक्ष पाहिलाय, आमचे शेजारी, “अहो तो माणूस घरं बांधतो, बाकीचे फक्त खड्डे” असं म्हणत होते. पुढे डीएसकेंचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, शेजाऱ्यांची ठेव पण त्यातच होती, त्यामुळे तो विषय आम्ही काढत नाही.

उलट्या बाजूनेही गळती होतीच. २००७ ला महापालिकेत कलमाडींना बाहेर ठेवायला राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप एकत्र आले होते, त्यालाच ‘पुणे पॅटर्न’ म्हणायचे. दोन वर्षांनी त्याच राष्ट्रवादीने आघाडीचा धर्म म्हणून कलमाडींचं काम करायचं. किती केलं असेल ते तुम्हीच ठरवा. तरी ते आले. का आले, तर समोरची मतं तीन ठिकाणी फुटली म्हणून, आणि दुसरं म्हणजे मतदानच झालं ४१ टक्क्यांच्या आसपास. शंभरातले एकोणसाठ घरी. चाळीस टक्क्यांत मतांचा जेमतेम अडतीस टक्के वाटा घेऊन खासदार, म्हणजे एकूण मतदारांपैकी साधारण साडेपंधरा टक्के लोकांनी दिल्लीला माणूस पाठवला.

आता २०१४. लाट होती, मान्य. अनिल शिरोळे ५,६९,८२५, विश्वजीत कदम २,५४,०५६. फरक ३,१५,७६९. पण एक गंमत बघा, काँग्रेसची मतं २००९ पेक्षा फक्त पंचवीस-सव्वीस हजारांनी कमी झाली. काँग्रेस बुडाली नाही, काँग्रेस होती तिथेच उभी राहिली. भाजपची दुपटीहून जास्त झाली. ही मतं आली कुठून, तर एक घरी बसणारे बाहेर पडले, मतदान ४१ वरून ५४ टक्क्यांवर गेलं, आणि दुसरं २००९ ची फुटलेली मतं बरीचशी एका ठिकाणी आली. मनसेचे दीपक पायगुडे तरीही ९३ हजारांवर गेलेच. आणि ते पण मतदार याद्यांमध्ये एवढा गोंधळ असताना. १७ एप्रिल २०१४ ला पुण्यात केंद्रांवर जाऊन नाव नाही म्हणून परत आलेल्या लोकांची काय संख्या होती, आमच्याच नात्यातल्या एका काकूंचं नाव गायब आणि वारलेल्या काकांचं मात्र यादीत ठळक. काकू म्हणाल्या, “ते गेले तरी हक्क बजावतील, मी आहे तर मला घरी पाठवतायत.”

२०१९ ला गिरीश बापट ६,३२,८३५ आणि मोहन जोशी ३,०८,२०७, फरक ३,२४,६२८. मोहन जोशी १९९९ ला पण उभे होते, वीस वर्षांनी परत. मतदान पन्नास टक्क्यांच्या काठावर. हे लीड बघून सगळ्यांनी पुण्याची फाइल बंद केली.

मग लोक राहतात कुठे

डेमोग्राफी म्हटलं की आपल्याकडे लगेच व्हॉट्सॅपवर एक तक्ता येतो: ब्राह्मण इतके लाख, मराठा इतके लाख, माळी इतके. तो तक्ता डिलीट करा. १९३१ नंतर २०११ पर्यंत जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीची जात मोजून छापलेलीच नाही, त्यामुळे ते आकडे कोणाच्या तरी कट्ट्यावर तयार झालेले आहेत. पक्क्या गोष्टी वेगळ्या. २००१ ला महापालिका हद्दीत २५.३८ लाख लोक, २०११ ला ३१.२४ लाख. त्यात मुस्लिम ११ टक्क्यांच्या आसपास. पण हे महापालिकेचे आकडे, लोकसभेचे नाहीत, कोंढव्याची मोठी वस्ती मोजणीत पुण्यात आणि मतदानात शिरूरमध्ये. नंतर २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३ आली, त्यातली बरीचशी बारामती आणि शिरूरच्या वाट्याची. शहर फुगतंय आणि लोकसभेची हद्द आहे तिथेच.

आत मात्र माणसं सरकतायत. आत्याचं उदाहरण घ्या. पेठेतून कोथरूडला सरकणं हे एका पिढीचं काम नाही, पानशेतच्या पुरानंतरच सुरू झालं, लोक उठून गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर असे पांगले, मग हळूहळू कर्वे रोड धरून पुढे पुढे, मग वाडे पडायला लागले. पेठेत जो राहिला तो एक तर दुकानामुळे किंवा पागडीमुळे किंवा हट्टामुळे. आज कसब्यात मतदार साधारण पावणेतीन लाख आणि कोथरूडमध्ये चार लाखांच्या वर. म्हणजे ज्याला आपण ‘पेठेतलं मत’ म्हणतो ते पूल ओलांडून कधीच कोथरूडला गेलंय, आत्याच्या कुकरसकट. २००८ च्या पुनर्रचनेने फक्त त्या गेलेल्या मताभोवती रेघ मारून दिली.

आणि बाकीचे मतदारसंघ या रेघेच्या बाहेर कसे आहेत ते बघा. कसबा म्हणजे नुसती सदाशिव-नारायण-शनिवार नाही. लक्ष्मी रोड धरून पूर्वेकडे गेलात की गणेश पेठ, रविवार पेठ, गुरुवार, घोरपडे पेठ, तिथे तांबट, कासार, व्यापारी जैन-गुजराती, मुस्लिम मोहल्ले, तालमींची पोरं, सगळंच. स्थानिक भाषेत हा ‘पूर्व भाग’. कॅन्टोन्मेंट हा अनुसूचित जातीसाठी राखीव मतदारसंघ, ताडीवाला रोड, काशेवाडी, लोहियानगर, कॅम्प, घोरपडी, वानवडी. इथे आंबेडकरी, मुस्लिम आणि ख्रिश्चन मतं एकत्र आली की काँग्रेसचं पारडं जड होतं. शिवाजीनगरमध्ये एका टोकाला मॉडेल कॉलनीचे बंगले आणि दुसऱ्या टोकाला पाटील इस्टेट, जनवाडी, बोपोडी, खडकी. एका रिक्षाच्या मीटरमध्ये तुम्ही तीन वेगवेगळ्या पक्षांच्या मतदारांमधून जाता. वडगावशेरी सगळ्यात मोठं, साडेचार लाखांवर मतदार: येरवड्याच्या वस्त्या, कल्याणीनगर, विमाननगर, खराडीचं आयटी, लोहगाव-धानोरीची सोसायटीवाली नवी माणसं, आणि मूळ गाववाले पठारे, टिंगरे, गलांडे, ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं राहिलं.

वडगावशेरीवर मी थोडा जास्त थांबतो कारण पुण्यातली खरी काठावरची जागा ही आहे. २००९ ला बापूसाहेब पठारे, राष्ट्रवादी. २०१४ ला भाजपचे जगदीश मुळीक, सुमारे ५,३०० ने. २०१९ ला राष्ट्रवादीचे सुनील टिंगरे, मुळीकांवर ४,९५६ ने. २०२४ च्या नोव्हेंबरात परत पठारे, आता शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून, टिंगरेंवर जवळपास ४,७०० ने. चार निवडणुका, एकही आमदार लागोपाठ दुसऱ्यांदा आला नाही, आणि साडेचार लाखांच्या मतदारसंघात तीनदा फैसला पाच हजारांच्या आसपास. खराडीतली एक मोठी सोसायटी सकाळी दहाच्या आत उठली की आमदार बदलतो.

कसबा २०२३, आणि ज्याचा सगळ्यांनी चुकीचा अर्थ काढला

कसब्याच्या भाजप आमदार मुक्ता टिळक डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. २६ फेब्रुवारी २०२३ ला पोटनिवडणूक, २ मार्चला निकाल. भाजपने टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही, हेमंत रासने उभे केले. कोथरूडला २०१९ मध्ये मेधा कुलकर्णींचं तिकीट कापलं होतंच, मग पेठेत पोस्टर लागली, कुलकर्णींचं गेलं, टिळकांचं गेलं, आता बापटांचं का, अशा अर्थाची. आजारी गिरीश बापटांना ऑक्सिजन लावून व्हीलचेअरवर केसरी वाड्यात आणलं, ते बघून भाजपचीच माणसं हळहळली. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे अकरा हजारांनी आले. १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा गेली.

सगळ्या चॅनलवर एकच, ब्राह्मण नाराज. मला हे अर्धंच पटतं. नाराजीवरच उभे राहिलेले हिंदू महासंघाचे आनंद दवे, त्यांना तीनशेच्या आत मतं पडली. तीनशे! नाराज माणूस रागाने समोरच्याला मत देतो असं क्वचित, तो घरी बसतो. खरं कारण धंगेकरांच्या जुन्या आकड्यांत आहे. २००९ ला मनसेकडून लढून बापटांकडून फक्त आठ हजारांच्या आसपास हरलेला हा माणूस. २०१४ ला बहुरंगी लढतीत बापट चाळीस हजारांच्या वर फरकाने आले कारण रोहित टिळक आणि धंगेकर यांनी एकमेकांची मतं खाल्ली. २०२३ ला पहिल्यांदा समोरची सगळी मतं एका माणसाकडे आली, आणि तो माणूस पूर्व भागातला, रात्री अकराला फोन उचलणारा. त्याच दिवशी चिंचवडला पण पोटनिवडणूक होती. तिथे बंडखोर राहुल कलाटेंनी ४४ हजार मतं घेतली आणि भाजपच्या अश्विनी जगताप ३६ हजारांनी आल्या. एकच दिवस, एकच जिल्हा, एकच हवा. चिंचवडला तिसरा होता, कसब्याला नव्हता.

(आणि हे नवीनही नाही. १९९१ ला अण्णा जोशी खासदार झाल्यावर कसब्यात पोटनिवडणूक लागली तेव्हा पण काँग्रेसचे वसंत थोरात आले होते आणि पडले होते ते दस्तुरखुद्द गिरीश बापट.)

२९ मार्च २०२३ ला बापट पण गेले. लोकसभेची मुदत एक वर्षाहून जास्त शिल्लक, कायद्याने सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी. झाली नाही. डिसेंबरात मुंबई हायकोर्टाने घ्या म्हणून सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. वीस लाख मतदारांचं शहर वर्षभराहून जास्त काळ खासदाराशिवाय. आम्हाला धायरीत निदान सुप्रियाताईंना फोन करता येत होता.

मग मे २०२४. काँग्रेसने सरळ हिशोब केला: कसब्याचा जायंट किलर लोकसभेला चालेल. चाललाही, बरं का. बापटांच्या तुलनेत भाजपची मतं ४८ हजारांनी कमी झाली, ५,८४,७२८. काँग्रेसची दीड लाखाहून जास्त वाढली, ४,६१,६९०. सव्वातीन लाखाचं लीड सव्वा लाखावर आलं, पाच वर्षांत दोन लाख गळालं. वंचितकडून वसंत मोरे उभे होते, माध्यमांत त्यांचीच हवा, मिळाली ३२ हजार, कारण ज्या कात्रजमध्ये त्यांना लोक ‘तात्या’ म्हणतात ते कात्रज पुणे लोकसभेत येतच नाही. निवडणूक लढवायला घरून निघालेला माणूस आणि घर दुसऱ्या मतदारसंघात, माझ्यासारखीच गत.

पण धंगेकरांना स्वतःच्या कसब्यात, जिथे मतदान सगळ्यात जास्त, साठ टक्क्यांच्या जवळ झालं, तिथे चौदा-पंधरा हजारांनी मागे राहावं लागलं. आतेभाऊ तिथेच अडकला होता, असं कसं, सव्वा वर्षापूर्वी तर जिंकला. मी म्हटलं अरे फेब्रुवारी २०२३ ला पन्नास टक्के मतदान होतं, घरी बसलेले नाराज मोदींच्या निवडणुकीला परत बाहेर आले. आत्या म्हणाली, “शिवाय उमेदवार मोहोळ होता. कोथरूडचाच पोरगा.” मुद्दा तोच. माजी महापौर, मूळचा मुळशीचा, तालमीतला मराठा, नगरसेवक कोथरूडचा. म्हणजे जुनं पेठेतलं मत आणि मुळशी-मावळातून येऊन वसलेलं मत, दोन्ही एकाच विधानसभेत आणि दोन्हीला आपला वाटणारा उमेदवार. यावर धंगेकर काय करणार होते?

नोव्हेंबरच्या विधानसभेत सहापैकी पाच महायुतीकडे, कोथरूडला चंद्रकांत पाटील १,१२,०४१ ने, पर्वतीला माधुरी मिसाळ ५४ हजारांवर, कसब्यात रासनेंनी धंगेकरांना १९ हजारांनी परतफेड केली. मार्च २०२५ मध्ये धंगेकर शिंदेंच्या शिवसेनेत गेले, म्हणजे काँग्रेसची जी वाढलेली दीड लाख मतं होती त्यातली माणसाची किती आणि पक्षाची किती हे आता पुढच्या लोकसभेलाच कळेल.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. परवा म्हणत होती कोथरूडमधलं तिचं मतदान केंद्र जिन्यावर आहे, बदलून घे. मी विचारलं कुठे घेऊ, तर म्हणाली खराडीला नातू राहतो ना, तिकडे लिफ्ट आहे. फॉर्म आणून ठेवलाय. पुढच्या वेळी निकालाच्या दिवशी मी कोथरूडच्या आधी वडगावशेरीच्या फेऱ्या बघणार आहे.